दोनशेच्या आत-बाहेर

दिवाळीनंतर आठ दिवसांनी आमच्या सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. फराळाचे डबे अजून निम्मे भरलेले असताना लोकांच्या रक्तातली चरबी मोजायची, हे ज्याला सुचलं त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर अहवाल येऊन पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दोनच प्रकारची माणसं भेटत होती : दोनशेच्या आतली आणि दोनशेच्या बाहेरची.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बाहेरच्या. वय ५२, एकूण कोलेस्टेरॉल २१२, आकडा लाल शाईत. त्यांनी त्याच दिवशी वरणावरचं तूप बंद केलं, अंडी बंद केली आणि रात्री दोनदा उठून छातीवर हात ठेवून पाहिला. त्यांच्या समोरच्या दारात राहणारे दादा आतले. वय ४६, एकूण कोलेस्टेरॉल १८८, आकडा हिरवा. सात वर्षांचा मधुमेह आणि खिशात तंबाखूची पुडी असूनही ‘नॉर्मल’ निघालो, या खुशीत त्यांनी घरी मिसळ मागवली.

मी दोघांचे अहवाल शेजारी-शेजारी ठेवून वाचले. वहिनींचं एचडीएल ६८, ट्रायग्लिसराइड्स ८०, एलडीएल १२८. दादांचं एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड्स २४०, एलडीएल १०८. या दोन कागदांतला काळजी करण्यासारखा कागद दादांचा आहे. अहवाल वाचताना बहुतेक घरांत नेमकी हीच गफलत होते, म्हणून हा लेख.

आधी एक वजाबाकी. तुमचा अहवाल काढा आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. वहिनींचे २१२ वजा ६८, उरले १४४. दादांचे १८८ वजा ३२, उरले १५६. जो आकडा उरतो त्याला ‘नॉन-एचडीएल’ म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथं ठाण मांडू शकणारा सगळा माल त्यात मोजला जातो. हिरव्या शाईतल्या माणसाकडे तो लाल शाईतल्या बाईपेक्षा जास्त निघाला. एकूण कोलेस्टेरॉल हा आकडा म्हणजे घरातली जमा आणि उधारी एकत्र करून केलेली बेरीज आहे. त्यावरून कोणाची ऐपत कळत नाही.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. त्याच्याशिवाय पेशीचं आवरण नीट राहत नाही, पित्त बनत नाही, ड जीवनसत्त्व आणि अनेक संप्रेरकं तयार होत नाहीत. इतकी गरजेची वस्तू बाहेरून येईल या भरवशावर शरीर बसत नाही. बहुतांश कोलेस्टेरॉल ते स्वतःच बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यकृत उचलतं. ‘मी जन्मात अंड्याला शिवलो नाही, मग माझं कसं वाढलं?’ या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

मेण पाण्यात विरघळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठवावं लागतं. एलडीएल ही अशी भरलेली गाडी. ती शरीरभर फिरते आणि शेवटी यकृताच्या दारात येते. तिथं माल उतरवून घेणारे हमाल असतात, मार्केट यार्डात असतात तसे. हे हमाल म्हणजे यकृताच्या पेशींवरचे एलडीएल-ग्राहक. ते शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. हमाल भरपूर असले की गाड्या झटपट रिकाम्या होतात. हमाल कमी पडले की गाड्या रस्त्यातच ताटकळतात, आणि ताटकळलेल्या गाड्यांतला माल रक्तवाहिनीच्या भिंतीत सांडत राहतो. वर्षानुवर्षं सांडलेल्या या मालाचा थर एखाद्या दिवशी तडकतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. नळात गाळ साचून तो हळूहळू बंद व्हावा, तसं हे नसतं. बऱ्याचदा अर्धवटच अरुंद झालेली वाहिनी काही मिनिटांत बंद होते. म्हणून ‘मला तर काही त्रास होत नाही’ या वाक्याला इथं किंमत नाही. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, धाप लावत नाही, चक्कर आणत नाही.

हमालांची गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढं तुपाशी आणि गोळीशी पुन्हा लागणार आहे.

एचडीएलला आपण ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतो. पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली ते जाणं हे धोक्याचं चिन्ह, एवढं खरं. पण औषध देऊन एचडीएल वाढवलं तर झटके कमी होतील, ही आशा मोठमोठ्या चाचण्यांत फोल ठरली. आकडा वाढला, माणसाचा फायदा झाला नाही. तेव्हा कमी एचडीएल ही धुराची रेघ समजा. आग दुसरीकडे असते : पोटाचा घेर, बैठं काम, तंबाखू, साखर.

आपल्याकडे हा धूर फार आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांवरच्या आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेली माणसं १३.९ टक्के, आणि एचडीएल कमी असलेली ७२.३ टक्के. म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकांतला ‘दोनशेच्या वर’चा रोगी आपल्याकडे कमी, आणि दादांसारखा, दोनशेच्या आत बसून खालून पोखरला जाणारा माणूस जास्त. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५८.८ व्या वर्षी, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं होतं. जवळजवळ सहा वर्षं आधी. घरातल्या मुलाच्या दहावीपासून पदवीपर्यंतचा काळ.

आता, आकडा किती असावा? अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेलं असतं : एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल १०० च्या आत उत्तम आणि १३० पर्यंत बरं, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत. हा रकाना सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो, आणि सगळी खोट तिथंच आहे. तुमचं वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, वडिलांची हकीकत यातलं काहीच त्या छपाईयंत्राला ठाऊक नसतं. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं, २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत माणसागणिक आकडा बदलतो. ज्याला विशेष धोका नाही त्याचं एलडीएल १०० च्या आत. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी ज्याचा धोका मोठा, त्याचं ७० च्या आत. ज्याला झटका येऊन गेला, स्टेंट बसला, पक्षाघात झाला, त्याचं ५५ च्या आत. नॉन-एचडीएलसाठी यांतल्या प्रत्येक आकड्यात ३० मिळवा.

आता दादांकडे पाहा. मधुमेह, तंबाखू, वय पंचेचाळिशीच्या पुढं. त्यांना लागू पडणारा आकडा ७० आणि त्यांचं एलडीएल १०८. उजव्या रकान्यानं मात्र त्यांना मिसळ खायला पाठवलं. वहिनींना मधुमेह नाही, रक्तदाब नाही, माहेरी-सासरी कोणाला लवकर झटका आलेला नाही. त्यांना १०० च्या आसपास यायचं आहे, जेवणात आणि चालण्यात फरक करून, आणि त्यासाठी रात्री उठून बसायची काही गरज नाही. पाळी जाण्याच्या वयात एलडीएल थोडं वर सरकतंच. चाळिशीतला जुना अहवाल काढून ‘तेव्हा तर ९८ होतं’ म्हणून घाबरणाऱ्या बायकांना हे कोणी सांगत नाही.

वडिलांची हकीकत म्हणजे नक्की काय? वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ती नोंद तुमच्या खात्यात धरायची. ऐंशीव्या वर्षी गेलेले आजोबा यात येत नाहीत.

तपासणीबद्दल चार गोष्टी. उपाशीपोटीच रक्त द्यायला हवं, हा नियम आता पहिल्यासारखा कडक राहिलेला नाही. पहिल्या तपासणीला जेवलेलं पोट चालतं. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर निघाले तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करायची, कारण बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग आणि एचडीएल एकूणातून वजा करून ते काढतात. १९७२ पासून चालत आलेलं हे फ्रीडवाल्डचं सूत्र ४०० च्या वर कोलमडतं. वरच्या दोन्ही अहवालांवर ते लावून पाहा, एलडीएलचे आकडे बरोबर जुळतील. ताप, शस्त्रक्रिया, मोठं आजारपण यांत कोलेस्टेरॉल खोटं कमी दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर काही आठवडे थांबा. आणि आकडा अचानक चढला तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावला की एलडीएल वाढतं, आणि ते तूप सोडून खाली येत नाही. अनियंत्रित साखर, मूत्रपिंडाचे काही विकार आणि स्टेरॉइडसारखी काही औषधं हीही कारणं असतात.

आणखी एक तपासणी जन्मात एकदा करून ठेवण्यासारखी आहे : लायपोप्रोटीन-ए. तो आकडा अनुवंशानं ठरतो आणि आहारानं हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असला तर बाकी सगळ्या गोष्टींत जास्त कडक राहावं लागतं. घरात तरुणपणी झटका आलेला असेल तर ही तपासणी डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

लंडनला किंवा मेलबर्नला असलेल्या लेकीनं ‘माझं कोलेस्टेरॉल ५.५ आहे’ असं कळवलं तर ‘किती छान, आमचं दोनशे’ म्हणू नका. तिथं मोजमापाचं एकक वेगळं आहे. ५.५ ला ३८.६७ नं गुणा. तिचं आणि वहिनींचं सारखंच निघेल.

आता स्वयंपाकघर. इथं बहुतेकांची चूक अशी की अन्नातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल एकच समजायचं. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर हृदयाचं चित्र काढून ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेलं असतं. ते खरंच आहे, कारण कुठल्याच वनस्पतीच्या तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं. उद्या मिठाच्या पुडीवरही हे लिहिता येईल. रक्तातल्या एलडीएलला अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त वाढवते ती संपृक्त चरबी : तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल, मटणाची चरबी. ती यकृताच्या दारातले हमाल कमी करते. म्हणून उकडलेलं अंडं गुन्हेगार ठरवून त्याच्यासोबत लोणी लावलेला ब्रेड खाणं हा उलटा न्याय झाला. कोलंबीचंही तेच. तिच्यात कोलेस्टेरॉल आहे, संपृक्त चरबी नगण्य. कालवणात ती खुशाल खा, रवा लावून तेलात सोडलेली कमी खा. बांगडा आणि तारली तर मुद्दाम खाव्यात अशा. त्यांच्यातलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड्सना खाली आणायला मदत करतं.

एका छोट्या चमच्यात, पाच ग्रॅम तुपात, सुमारे तीन ग्रॅम संपृक्त चरबी असते. दिवसाला १५ ते २० ग्रॅमच्या आत ती ठेवायची असेल तर वरणभातावरचा एक चमचा सहज बसतो. वहिनींनी तो सोडायची गरज नव्हती. बसत नाही ते वेगळंच असतं. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध अर्धा लिटर प्यायलं की ३० ग्रॅमच्या आसपास चरबी पोटात जाते, त्यातली १८-१९ ग्रॅम संपृक्त. चहात, कॉफीत, रात्री हळद घालून. त्याकडे कोणी पाहत नाही, कारण दूध म्हणजे पौष्टिक. टोन्ड दूध घेतलं की हा आकडा निम्म्यावर येतो. काही घरांत ‘आम्ही साय काढूनच दूध घेतो’ म्हणतात, मग ती साय विरजतात, लोणी कढवतात आणि पुढच्या दारानं गेलेली चरबी मागच्या दारानं, खमंग होऊन परत येते. कढवलेल्या तुपाचा वास मलाही प्यारा आहे, पण हिशोब हिशोबाच्या जागी.

चहाबरोबरची खारी, टोस्ट, नानकटाई, बटर ही माझी स्वतःची दुखरी नस. त्यांतली चरबी वनस्पती तुपाची किंवा पामतेलाची असते. २०२२ पासून तेल-तुपातली ट्रान्स चरबी दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचं बंधन आलं, ते उत्तमच झालं, पण संपृक्त चरबी तशीच राहिली. रोज दोन खाऱ्या हा तुपाच्या चमच्यापेक्षा वाईट सौदा आहे, आणि चवीलाही कमी.

तेल कुठलं, यावर घराघरांत वाद चालतो. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन, राइसब्रान यांतलं कुठलंही चालेल. आलटून-पालटून वापरा. लाकडी घाण्याचं तेल आवडत असेल तर घ्या, पण घाण्यावर गाळल्यानं शेंगदाण्याची चरबी बदलत नाही. खोबरेल मात्र कितीही ‘नैसर्गिक’ म्हटलं तरी इतर तेलांच्या तुलनेत एलडीएल वाढवतं. कोकणातल्या माणसानं ओल्या नारळाचा चव भाजीवर पेरणं आणि सगळं जेवण खोबरेल तेलात करणं यांत फरक आहे.

तेलाच्या जातीपेक्षा त्याचं माप महत्त्वाचं, आणि माप मोजायची सोय आपल्याकडे फार सुरेख आहे : डबा. माणशी दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे चार छोटे चमचे, एवढं तेल धरा. चार माणसांना दिवसाला ८० ग्रॅम. १५ किलोचा डबा या हिशोबानं १८७ दिवस, म्हणजे सहा महिन्यांहून थोडा जास्त पुरायला हवा. तुमच्या घरी किती दिवस पुरतो? वहिनी म्हणाल्या, तीन महिने. माणशी ४० ग्रॅम झाले, आणि बाहेरचे वडे-भजी वेगळे. डबा उघडाल त्या दिवशी त्याच्यावर मार्करनं तारीख लिहा. कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या तक्त्यापेक्षा ती तारीख जास्त खरं बोलते, कारण तिच्याशी कोणाला घासाघीस करता येत नाही.

कमी करायच्या गोष्टी झाल्या. वाढवायच्या गोष्टींकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, आणि तिथंच एक गंमत आहे. टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ जणांचे तीन गट. एकाला कमी चरबीचा साधा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी, तिसऱ्याला काही ठरावीक पदार्थ भरपूर. चार आठवड्यांनी पहिल्या गटाचं एलडीएल ८ टक्के उतरलं, गोळीच्या गटाचं ३०.९ टक्के आणि तिसऱ्या गटाचं २८.६ टक्के. त्या तिसऱ्या ताटात काय होतं? ओट्स, सातू, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पतींतल्या स्टेरॉलचं मार्गारिन, आणि भेंडी आणि वांगी. कॅनडात! आपण जी भेंडी मुलांच्या मागं लागून खायला घालतो ती.

यातलं रहस्य बुळबुळीतपणात आहे. भेंडी, इसबगोल, ओट्स, सातू, कडधान्यं यांत विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. नवीन पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते रक्तातून ओढून घेतलं जातं. प्रयोगात जेवण तयार करून दिलेलं होतं, हे विसरू नका. लोकांनी आपापल्या घरी हाच आहार पाळला तेव्हा पुढच्या एका चाचणीत घट १३-१४ टक्क्यांवर आली. तीही कमी नाही. रोज एक वाटी मटकी, चवळी, कुळीथ किंवा राजमा. रात्री दोन छोटे चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून (भरपूर पाण्याशिवाय घेऊ नका, घशात-पोटात अडकतं, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा). मूठभर दाणे किंवा बदाम. जवसाची चटणी. हे आपल्या ताटातले जुनेच रहिवासी आहेत, अलीकडे कोपऱ्यात सरकलेले.

दादांचा प्रश्न मात्र तुपाचा नाही. त्यांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, २४० आहेत आणि ते वाढतात साखर, मैदा, ताटभर भात, दारू आणि पोटाचा घेर यांनी. इथं ‘मी तेलकट खातच नाही’ म्हणणारे फसतात. तीन कप गोड चहा आणि वर फळांचा रस, हे सगळं यकृतात चरबी होऊन रक्तात उतरतं. उपवास तर विचारूच नका. साबुदाण्याची खिचडी म्हणजे शुद्ध पिष्टमय पदार्थावर तूप, बटाटा आणि दाण्याचं कूट. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण ज्यानं केली त्यानं लिपिड प्रोफाइल पाहिलं नसलं तरी माणसं पाहिली होती. करायचाच उपवास तर भगर, ताक, फळं यांवर करा. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथं तीन महिने वाट पाहत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचं.

या आकड्याची एक चांगली बाजू अशी की तो लवकर हलतो. वजन पाच-दहा टक्के उतरलं, ८० किलोच्या माणसाचं ७४-७५ झालं, तरी ट्रायग्लिसराइड्स चांगलेच खाली येतात. चालण्याचं माप आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. जेवणानंतरची शतपावली जेवणानंतरच्या साखरेसाठी छान, ती जरूर घाला. पण शंभर पावलं म्हणजे दीड मिनिट. ती या १५० मिनिटांत मोजू नका. तंबाखू, मिसरी, विडी, सिगारेट यांवर लिहायची गरज नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एवढंच की दादांना मिसळ आणि पुडी यांतलं एकच सोडायचं असेल तर मी पुडी सोडायला सांगेन.

आता गोळी, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त अफवा आहेत.

जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून अधिक बुरशी तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं. ती बुरशी क्योतोतल्या एका धान्यदुकानातल्या तांदळावरची होती. त्या वाटेवरचं पहिलं औषध १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. स्टॅटिन यकृताला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. मग यकृत दारात हमाल वाढवतं आणि रक्तातल्या गाड्या भराभर उतरवून घेतं. योग्य मात्रेत एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं, जे चार-पाच ठिकाणी मन मारून केलेल्या आहारानं सहसा साधत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशोब सांगतो की एलडीएल ३९ मिलिग्रॅमनं खाली आलं की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतात. दादांना १०८ वरून ७० वर यायचं आहे. अंतर ३८.

‘एकदा सुरू केली की जन्मभर’ असं म्हणून लोक गोळी टाळतात. जन्मभर हे खरं, पण सवय लागते म्हणून नव्हे. चष्मा काढल्यावर अक्षर पुन्हा पुसट दिसतं, त्याला आपण चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. अहवाल चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक. अहवाल गोळीमुळे चांगला आलेला असतो.

‘अंग दुखतं’ ही दुसरी तक्रार. स्नायूंचा खरा त्रास काहींना होतो, आणि तीव्र दुखणं किंवा गडद रंगाची लघवी झाली तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. पण स्टॅटिन त्रासामुळे सोडलेल्या लोकांवर इंग्लंडमध्ये एक नामी प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून-पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं औषध नव्हतं. म्हणून स्वतःच्या मनानं सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब हे वेगळं औषध जोडता येतं. ज्यांना साखरेची कड लागलेली आहे त्यांची साखर स्टॅटिननं किंचित वाढू शकते, हेही खरं. पण हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच मोठा असतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलायचं.

लसूण, मेथी, आवळा, अर्जुनसाल यांची फॉरवर्ड झालेली पाककृती आठवड्याला एक येते. लसूण खा, भाजी चवदार होते. एलडीएल त्यानं फारसं उतरत नाही. या गोष्टी गोळीसोबत चालतात की नाही ते डॉक्टरांना विचारा आणि गोळीऐवजी म्हणून घेऊ नका.

काही घरांत आहार आणि चालणं पुरतच नाही. एलडीएल १९० च्या वर असेल, तेही बारीक अंगाच्या, नेमकं खाणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाचं, तर तो दोष बहुधा जन्माचा असतो. हमालच कमी घेऊन आलेली ही माणसं, अडीचशेत साधारण एक. टाचेमागची शीर जाडसर लागते, बुबुळाभोवती पंचेचाळिशीच्या आतच पांढुरकं कडं दिसतं. अशा माणसाला लवकर औषध लागतं आणि त्याच्या भावंडांची, मुलांचीही तपासणी करावी लागते. अहवालावर १९० दिसलं की तो एका माणसाचा अहवाल राहत नाही.

औषध किंवा आहार सुरू केल्यावर दर आठवड्याला रक्त देऊ नका. गोळीनंतर सहा ते बारा आठवड्यांनी, आहारानंतर तीन महिन्यांनी पाहा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. एकाच माणसाचा आकडा आज-उद्यात पाच-दहा टक्के हलतो. १२८ चे १२४ झाले म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि १३२ झाले म्हणून जेवण सोडायचं नाही.

मार्चमध्ये दोघांनी पुन्हा तपासणी केली. दादांना डॉक्टरांनी गोळी दिली होती. त्यांचं एलडीएल ६४, ट्रायग्लिसराइड्स १६५. पुडी रोजच्या तीनवरून एकावर आली आहे आणि ती शेवटची एक जात नाही. वहिनींचं एलडीएल ११५. वरणावर पुन्हा एक चमचा तूप आलं आहे, मोजून. मी अहवाल पाहायला गेलो तेव्हा ओट्याखालचा तेलाचा डबा त्यांनी मुद्दाम पुढं ओढून दाखवला. त्याच्यावर काळ्या मार्करनं लिहिलं होतं : २ डिसेंबर. तीन महिने झाले होते आणि डबा अजून निम्म्याच्या जरा वरच होता.